पाण्यापर्यंत किती पावलं

वर्ष संपताना मी वर्गातल्या बोर्डवरचे मासे काढत होते. ३४ मासे, निळ्या कार्डपेपरचे, प्रत्येकाच्या अंगावर चमकीच्या कागदाचे खवले आणि एकेक काळा डोळा. आठवडाभर राबून ते मुलांकडून करून घेतले होते, म्हणजे खरं सांगायचं तर मासे मीच कापले होते, खवले कुठे चिकटवायचे ते पेन्सिलीने मीच आखून दिलं होतं, आणि ज्यांचे खवले वाकडे बसले त्यांचे मुलं घरी गेल्यावर काढून परत सरळ लावले ते पण मीच. बोर्ड सुंदर दिसला, पालकांनी फोटो काढले, सगळ्यांनी कौतुक केलं. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, चला, आपापला मासा ओळखा आणि घरी घेऊन जा. एकालाही ओळखता आला नाही. कुणी रडलं नाही की भांडलं नाही, ज्याच्या हातात जो आला तो घेऊन मुलं निघून गेली, आणि दोन मासे तसेच बाकावर राहिले.

ते दोन मासे मी बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवले होते.

लहान मुलांच्या शाळेत आपण 'ॲक्टिव्हिटी' हा शब्द फार सैल वापरतो. मुलांचे हात हलतायत, रंग सांडलाय, डिंक लागलाय, म्हणजे शिकणं चाललंय असं धरून चालतो. पण त्या माशात मुलांनी स्वतः ठरवावं असं काहीच नव्हतं. चुकायला जागा नव्हती, आणि मुळात तो मासा झाला नसता तरी कुणाचंच काही अडलं नसतं. तेव्हापासून कुठलंही काम मुलांसमोर ठेवण्याआधी मी स्वतःला दोन गोष्टी विचारते. हे मुलांनी केलं नाही तर खरंच कुणाचं काही अडेल का? आणि याचं उत्तर आधीपासून माझ्या खिशात आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'हो' आलं की समजायचं, हा पुन्हा मासाच आहे.

इटलीतल्या रेज्जिओ एमिलिया शहरातल्या बालशाळांबद्दल मी वाचलं ते याच काळात. त्यांची सुरुवातच विलक्षण आहे. १९४५ मध्ये महायुद्ध संपल्यावर तिथल्या एका खेड्यातल्या लोकांनी मागे राहिलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशातून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ते खरं आहे का बघायला सायकलवरून गेला आणि पुढे आयुष्यभर त्याच कामात राहिला. पण माझ्या डोक्यात जाऊन बसली ती त्यांच्या दियाना नावाच्या बालशाळेतली टेबलाची गोष्ट. वर्गात आहे तसंच आणखी एक टेबल हवं होतं. सुतार म्हणाला, माप द्या, करून देतो. आणि हे माप घ्यायचं काम मोठ्यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांवर सोडलं. मुलांनी बोटांनी मोजलं, हातांनी मोजलं, पायांनी मोजलं, कागदाच्या पट्ट्यांवर मनाला येतील तसे आकडे लिहून स्वतःचे मीटर बनवले आणि ते एकमेकांशी जुळेनात म्हणून अडकली, मग एका मुलाच्या बुटाने मोजलं, आणि खऱ्या मीटरपट्टीची गरज त्यांना स्वतःला लागल्यावरच ती पट्टी आली. टेप तर पहिल्याच दिवशी देता आली असती, दोन मिनिटांचं काम होतं, आणि मग टेबल मिळालं असतं पण मोजणं म्हणजे काय हे एकाही मुलाला कळलं नसतं.

हे वाचणं सोपं आहे. वर्गात करायला गेलं की कळतं की यात सगळ्यात अवघड काम शिक्षकाचं असतं.

पुढच्या वर्षी माझ्या वर्गात मध्येच एक नवीन मुलगा आला. त्याला आमची भाषा येत नव्हती. पाणी प्यायला आमच्या वर्गातून जिना उतरायचा, ऑफिसवरून वळायचं आणि मागच्या अंगणात जायचं, तिथे नळ. पहिल्या दिवशी तो बाटली घेऊन गेला तो पंधरा मिनिटं परतलाच नाही, शेवटी मोठ्या मुलांच्या वर्गाबाहेर रडत उभा सापडला. दुसऱ्या दिवशी परत तेच. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं की उद्यापासून कुणीतरी एक जण त्याच्यासोबत जायचं. पण त्याआधीच एक मुलगी म्हणाली, "ताई, त्याला चित्र काढून देऊया ना, म्हणजे तो एकटा जाईल." आणि मी माझं वाक्य गिळलं. त्या दिवशी मी शहाणपणाचं काही केलं असेल तर ते एवढंच.

पहिले नकाशे म्हणजे काय होते! कुणी फक्त नळ काढला, कागदभर मोठा. कुणी जिन्याच्या एकूण एक पायऱ्या काढल्या आणि तिथेच कागद संपला. एकाने ऑफिसबाहेरच्या भिंतीवरचा उडालेला रंग काढला, बाकी काही नाही. हा मुलगा दिवसातून पाचदा काहीतरी कारण काढून वर्गाबाहेर जायचा आणि त्यावरून माझी बोलणी खायचा, पण आता सगळे त्यालाच विचारायला लागले कारण वळणावर काय आहे, खिडकी किती उंच आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं हे सगळं त्याला पाठ होतं. मला त्याचं ते फिरणं इतके महिने फक्त खोडी वाटलं होतं.

मग कुणीतरी म्हणालं की किती चालायचं ते पण लिहायला हवं. आणि इथून खरी मजा सुरू झाली. एक जण मोजून आला, ६१ पावलं. दुसरी गेली, ४८. "तू खोटं मोजलंस." "तूच खोटं." तिसरी मुद्दाम हळूहळू चालत गेली आणि ७० घेऊन आली, मग तर भांडणच. माझ्या कपाटात मापनाची टेप होती. नियोजनात त्या महिन्यासाठी 'प्रमाणित एकक' असं लिहिलेलंही होतं, म्हणजे माझ्यासाठी तर ताट वाढून ठेवल्यासारखंच होतं, आता उठायचं, टेप काढायची आणि सांगायचं की बघा मुलांनो, म्हणून पावलांनी मोजायचं नसतं. मी उठलेही. मग परत बसले.

दोन दिवस हा घोळ चालला. तेवढ्या वेळात मी दोन धडे पुढे गेले असते, हे मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी, मुलं डबे आवरत होती तेव्हा, एक एरवी गप्प असणारी मुलगी म्हणाली, "पण चालणार तो आहे ना? मग त्याचीच पावलं मोजायची."

मी अजूनही त्या वाक्याचा विचार करते. प्रमाणित एककापेक्षा हे उत्तर कच्चं आहे असं कुणी म्हणेल, पण ज्या कामासाठी मोजायचं होतं त्या कामासाठी याहून बरोबर उत्तर नव्हतं. टेपने मोजून अमुक इतके मीटर असं लिहिलं असतं तर त्या मुलाला त्याचा काय उपयोग होता? मोजमाप कशासाठी आणि कुणासाठी हे आधी, एकक नंतर. मला हे बी.एड.च्या कुठल्याच पेपरात कळलं नव्हतं.

अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली शेकडो संभाषणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती थांबतात. सरासरी साधारण एक सेकंद. त्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, नाहीतर स्वतःच सांगून टाकायचं. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की मुलांची उत्तरं लांब व्हायची, 'माहीत नाही' कमी व्हायचं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागायची. तीन सेकंद! आमच्या त्या मुलीला तर दोन दिवस लागले होते. शांततेत थांबणं हे शिक्षकाला इतकं जड जातं की आपल्याला वाटतं आपण कामचुकारपणा करतोय, मुलं अडलीयत आणि आपण बघत बसलोय. वर दारातून कुणी मोठे साहेब डोकावले तर काय दिसेल ही भीती असतेच.

पण नुसतं थांबूनही भागत नाही, आणि हे मला ठासून सांगायचंय, कारण 'मुलांना मोकळं सोडा, ती आपोआप शिकतात' असं म्हणणारेही बरेच भेटतात आणि त्यांचंही मला पटत नाही. नवीन मुलाची पावलं मोजायची ठरलं, सगळे त्याच्या मागून निघाले, आणि विसाच्या पुढे कुणाचा ना कुणाचा आकडा चुकायचाच. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मुलं वैतागली, दोघं तर परत वर्गात जाऊन बसली, आणि मला दिसलं की आता ही गोष्ट सुटतेय. तेव्हा मी विचारलं, "न चुकता कुठपर्यंत मोजता येतं?" म्हणाली, दहापर्यंत. मी अंगणातले खडे उचलून एकीच्या हातात दिले. बाकी काही बोलले नाही. पाच मिनिटं खुसफुस झाली आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं, दहा झाले की एक खडा खिशात आणि परत एकपासून सुरू. नळापाशी पोचल्यावर खिशात पाच खडे आणि वर तीन पावलं. ५३. दशक-एकक मी फळ्यावर काड्यांचे गठ्ठे काढून कितीदा शिकवलं असेल, पण पाच खडे मुठीत घट्ट धरून "हे पन्नास आहेत" म्हणणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्या गठ्ठ्यांनी कधी आणलं नव्हतं.

इमारत बांधताना बाहेरून परांची बांधतात ना, तोच शब्द शिक्षणशास्त्रात या मदतीसाठी वापरतात. १९७६ मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस या तिघा मानसशास्त्रज्ञांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या ३० मुलांना लाकडाचे २१ ठोकळे एकात एक बसवून पिरॅमिड करायला दिला होता आणि मदत करणाऱ्या बाईंना मुलांप्रमाणे काय काय करावं लागतं ते पाहिलं होतं. तीन वर्षांच्या मुलांना मुळात त्या कामात ओढून आणावं लागायचं. चार वर्षांच्यांना बोलून चूक दाखवली की पुरायचं. पाच वर्षांची मुलं बहुतेक स्वतःच करायची, फक्त अधूनमधून वर बघायची, बरोबर आहे ना म्हणून. म्हणजे मदत एकच नसते, ती मुलाला बघून कमी करत न्यायची असते. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी गेलेल्या वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने हेच धरून ठेवलं होतं, की मूल आज कुणाच्या तरी सोबतीने जे करू शकतं ते उद्या एकटं करेल, आणि शिकवायचं असेल तर तिथेच. जे एकट्याला येतं त्याच्या पुढे आणि जे सोबतीनेही जमणार नाही त्याच्या अलीकडे. ही जागा प्रत्येक मुलाची वेगळी, आणि ३४ मुलांच्या वर्गात ती रोज शोधायची म्हणजे काय याची कल्पना वर्गात उभं राहिल्याशिवाय येत नाही. मला रोज जमतं असं मी म्हणणार नाही.

आणि काही गोष्टी तर सरळ सांगाव्याच लागतात. नकाशावर मुलांनी नळाचं चित्र काढलं, कारण नवीन मुलाला वाचता येत नव्हतं, पण एकाचं म्हणणं पडलं की खाली 'पाणी' असं पण लिहूया, म्हणजे त्याला आपला शब्द येईल. लिहिलं 'पणि'. मग मला विचारलं, ताई बरोबर आहे का, आणि मी लगेच सांगितलं की प ला काना आणि णी दीर्घ. इथे थांबून काय होणार होतं? कुठल्या आवाजाला कुठलं अक्षर हे माणसांनी आपापसात ठरवलेलं आहे, ते मुलाने कितीही विचार केला तरी त्याला स्वतःहून सापडणार नाही, ते कुणीतरी द्यावंच लागतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा फरक करून ठेवलाय, माणसांनी ठरवलेलं ज्ञान वेगळं आणि मुलाला स्वतःच्या डोक्यात रचावं लागतं ते वेगळं. पाच खडे म्हणजे पन्नास हे दुसऱ्या जातीचं. आपण नेमकं उलटं करतो, जे शोधता आलं असतं ते सांगून टाकतो आणि जे सांगायला हवं तिथे 'करून बघ, येईल' म्हणतो.

सांगून टाकण्याने काय जातं याचा एक छोटा प्रयोग आहे, २०११ सालचा. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवयातल्या मुलांना नळ्यांचं एक विचित्र खेळणं दिलं, ज्यात चार वेगवेगळ्या गमती लपवल्या होत्या. काही मुलांना बाईंनी शिकवल्यासारखं दाखवलं, की बघ हं, हे असं ओढलं की चूं आवाज येतो. दुसऱ्या काही मुलांसमोर तोच आवाज जणू चुकून झाला, "अरे, हे काय झालं?" असा. मग मुलांना खेळण्यासोबत एकटं सोडलं. ज्यांना शिकवलं होतं ती चूं-चूं करत बसली, कमी वेळ खेळली आणि बाकीच्या गमती त्यांना कमी सापडल्या. मुलं बिचारी बरोबरच वागली म्हणा. बाईंनी एवढंच दाखवलं म्हणजे यात एवढंच असणार, असा त्यांचा हिशोब, आणि मोठ्यांवर एवढा विश्वास ठेवणाऱ्या मुलांचा आणखी काय हिशोब असणार? माझ्या माशांवरच्या पेन्सिलीच्या रेघा मला हे वाचताना डोळ्यांसमोर दिसत होत्या.

एक गोष्ट बरेच पालक विचारतात, की लहान मुलांना एवढं अवघड कशाला, चुकली की नाराज होतात. मला वाटतं मुलं अवघडाने नाराज होत नाहीत, खोट्याने होतात. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालघर सुरू केलं, आणि त्यांचा आग्रह असायचा की मुलांच्या हातात खऱ्या वस्तू द्या, काचेचे पेले, चिनी मातीच्या बश्या, पडल्या की फुटणाऱ्या. कारण मग हात कसा धरायचा हे बाईंना सांगावं लागत नाही, ते पेलाच सांगतो. नकाशाचंही तसंच. तो चुकला तर मी लाल पेनाने फुली मारायची गरजच नव्हती, नळ सापडला नसता, बस.

आणि चुकलाच. नवीन मुलाच्या हातात नकाशा दिला तर तो सरळ न बघताच पळत जाऊन पाणी घेऊन आला. सगळे आनंदाने ओरडले, पण त्या फिरणाऱ्या मुलाने शंका काढली, "त्याला आता रस्ता माहितीये. आपणच त्याला किती वेळा नेलंय." खरंच की, ५३ पावलं मोजण्याच्या नादात त्या मुलाला रस्ता तोंडपाठ झाला होता. मग नकाशा बरोबर आहे हे कळणार कसं? तर ज्याला रस्ता माहीत नाही असं कुणीतरी हवं. म्हणून एक जण खाली बालवर्गात जाऊन तिथल्या ताईंची परवानगी काढून चार वर्षांचा एक छोटा मुलगा घेऊन आली. मी हे सुचवलं नव्हतं, मला सुचलंही नसतं, मी मनातल्या मनात तो नकाशा पास करून टाकला होता.

छोट्याने नकाशा हातात घेतला, उलटा. मग कुणीतरी सरळ करून दिला. तो जिना उतरला, आम्ही सगळे मागे, आणि ऑफिससमोर थांबला. कागदावरचा बाण उजवीकडे होता. पण जिना उतरताना तो मध्ये वळला होता, आणि कागद मात्र हातात तसाच होता, त्यामुळे बाण आता भिंतीकडे जात होता. त्याने भिंतीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत भिंतीकडे. माझ्या मागून कुणीतरी "अरे इकडे" म्हणायला तोंड उघडलं, तर त्या गप्प मुलीने त्याच्या तोंडावर हातच ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही पण सांगू नका."

छोटा बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कागद थोडा फिरवला, आणखी थोडा फिरवला, आणि डावीकडे चालायला लागला. डावीकडे नळ नव्हता. तो रिकामी बाटली घेऊन परत आला, कागद त्यांच्या हातात दिला, आणि सगळी मुलं काही न बोलता जिना चढून वर्गात गेली, खोडरबर शोधायला.